पाळकसाहेब लिलावात

पाळक आशिष कसबे ज्या दिवशी श्रीमंत झाले, त्या दिवशी ते घरी नव्हते. सुदामा नगरात एका आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी बसून स्तोत्र वाचत होते. संध्याकाळी परतले तेव्हा पत्नी अमिताबाईंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आले पैसे."

"कोणाचे?"

"माझे."

खरोखरच त्यांचे होते. अमिताबाईंचे वडील महूला मिशनच्या शाळेत मास्तर होते. पगारातून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी दीड एकर जमीन घेतली होती. ती इतकी खडकाळ होती की तिथे कुसळसुद्धा विचार करून उगवायचं. सगळं सासर-माहेर त्यावर चाळीस वर्षं हसलं. मग त्या जमिनीवरून नवा रस्ता काढायचं ठरलं. मास्तर देवाघरी गेले होते, मुलगी एकुलती एक. एक कोटी आणि वर थोडे, असे पैसे बँकेत येऊन पडले.

रविवारपर्यंत मंडळीत त्याचे चार कोटी झाले होते.

ही इंदूरच्या जुन्या भागातली मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम साठ घरं. पणजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात नाही तर गिरणीत कामाला आलेले. पणतवंडं प्रार्थना मराठीत सुरू करतात आणि आमेनपर्यंत हिंदीत पोचतात. चर्चचं छत गळतं. बायपासवर नवं प्रार्थनाभवन निघालं आहे, तिथले पास्टर पांढऱ्या मोठ्या गाडीतून येतात, आणि इकडची तरुण पोरं हळूहळू तिकडे सरकत आहेत. या सगळ्यात जुन्या मंडळीकडे अभिमानाने सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती: आमचा पाळक गरीब आहे.

ती गरिबी त्यांनी जपली होती. पाळकांची स्कूटर बंद पडली की ढकलायला चार माणसं धावायची. उषाबाई दर शनिवारी डबा पाठवायच्या. मंडळीतल्या एका दाताच्या डॉक्टरांनी त्यांची दाढ फुकट काढली होती आणि त्या दाढेची गोष्ट ते अजून सांगत होते. आशिषना कधी कधी याचा संकोच वाटे. पण लोकांना देताना इतका आनंद व्हायचा की नको म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

पैसे आले त्या शनिवारी डबा आला नाही. रविवारी स्कूटर फाटकातच बंद पडली. आशिषनी अकरा किका मारल्या. लोक उभे राहून बघत होते. कुणीतरी आपुलकीने म्हणालं, "आता नवी घ्या, साहेब."

पुढच्याच आठवड्यात कमिटी बसली. सेक्रेटरी यशोधनराव शिरसाठ बँकेतून निवृत्त झालेले, स्वतःची दोन घरं आणि एक प्लॉट राखून असलेले. ते म्हणाले, "पाळकाने पैशापासून लांब राहावं, साहेब. आम्ही संसारी माणसं, आमची गोष्ट वेगळी. पण श्रीमंताने स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं प्रवचन तुम्ही वर्षातून दोनदा देता. आता देताना लोक उंटाकडे बघतील की तुमच्याकडे?"

"मी काय म्हणतो," नीरज म्हणाला. त्याचं बडा गणपती भागात मोबाइलचं दुकान होतं आणि कमिटीत तो सगळ्यांत लहान, म्हणजे अडतीस वर्षांचा. "ये तो ब्लेसिंग आहे. पाळकजींनी पण मोठी गाडी घ्यावी. दो महिने में सगळी पोरं वापस येतात की नाही बघा. भिया, आजकल गरीब पाळकावर लोकांना डाउट येतो. म्हणतात, देवाकडून स्वतःचं काम करून घेता आलं नाही, आमचं काय करणार?"

"पैसे माझे नाहीत," आशिष म्हणाले. "बायकोचे आहेत."

यशोधनराव हसले. "माझ्या मुलीच्या लग्नात तुम्हीच सांगितलंत, साहेब. नवरा-बायको एकदेह. आता एका देहाची दोन खाती?"

ते प्रवचन चांगलं झालं होतं.

शेवटी ठरलं असं की हंगामाच्या सणापर्यंत वाट बघायची. तोपर्यंत मंडळीचं मन शांत झालं तर ठीक. नाही तर बदलीसाठी बिशपांना पत्र जाईल. निवृत्तीला पंधरा महिने उरले होते. याच चर्चमध्ये एकोणीस वर्षं त्यांनी लोकांचे बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, माणसं पुरली. आता आयुष्यात त्यांना एवढंच हवं होतं की हे पंधरा महिने इथेच सरावेत. बदली झाली तर कुठल्या तरी अनोळखी गावात, परक्या चेहऱ्यांसमोर शेवटचं आमेन म्हणावं लागणार होतं.

घरी येऊन ते म्हणाले, "अमिता, त्यातले थोडे चर्चला दिले तर?"

"दशांश दिला ना पहिल्याच आठवड्यात. कुठाय तो चेक?"

चेक चर्चच्या कपाटात, प्रभुभोजनाच्या पेल्यांशेजारी पडून होता. चर्चच्या दारात देणगीदारांची संगमरवरी पाटी होती. नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने, आणि सगळ्यांत वर शिरसाठांचे आजोबा. चेक वटला असता तर ते एक ओळ खाली आले असते. हे कारण अर्थातच कुणी बोललं नाही. वहीत नोंद होती: विषय विचाराधीन.

"मग आणखी..."

"अहो, सहा बंगले झाले." चर्चच्या मागच्या दोन खोल्यांना पाळकाचा बंगला म्हणायची पद्धत होती. "प्रत्येक ठिकाणी शिरताना यादीवर सही. पलंग दोन, खुर्च्या चार, पोळपाट एक. निघताना सगळं मोजून परत. भिंतीत खिळा ठोकायचा तर कमिटीचा ठराव. मी सुदामा नगरातला फ्लॅट बुक केलाय आणि तो मी सोडणार नाही. तुम्ही गरीब राहा, मी अडवत नाही. फक्त निवृत्त झाल्यावर तुमची गरिबी कुठे ठेवायची ते सांगा. माझ्या फ्लॅटमध्ये जागा आहे."

आशिषना तिचं पटत होतं आणि यशोधनरावांचंही पटत होतं. माणसाला दोन्ही बाजू पटायला लागल्या की त्याच्या हातात काही उरत नाही. आशिषना तर पाळक होताना सेमिनरीत चार वर्षं तेच शिकवलं होतं.

मार्ग काढला नीरजने. "पाळकजी, सणाच्या लिलावात बोली लावा. सबके सामने. एखादी वस्तू दणकून घ्या. पैसा चर्चच्या छताला, लोक खूश, बात खतम."

हंगामाच्या सणाला मंडळी घरची पहिली उपज आणते: गच्चीवरचे भोपळे, पपया, वांगी, कोंबडी, अंडी, ज्यांच्याकडे काहीच पिकत नाही त्यांची घरी तळलेली शेव. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. वस्तू निमित्त असते. खरी मजा दुसऱ्याला चढवण्यात. मागच्या वर्षी एक लिंबू साडेतीनशेला गेलं, कारण ते हवं असलेले दोघे साडू सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पाळक मात्र बोली लावत नाहीत. ते खुर्चीवर बसून हसतात, आणि लोक घेतलेल्यातलं निम्मं हौसेने त्यांच्या बंगल्यावर पोचवतात. एकोणीस वर्षं आशिष असेच बसून हसत होते.

या वर्षी यशोधनरावांचीही हरकत नव्हती. "होऊन जाऊ द्या," ते म्हणाले.

लिलाव पुकारायला नीरजच उभा राहिला. "पहिली वस्तू, लिंबू! शिरसाठांच्या अंगणातलं! बोला!"

आशिषनी हात वर केला. आवाज थोडा जास्तच मोठा निघाला. "अकरा."

अकरावरून साडेतीनशेपर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी मनात धरला होता. कुणी बोललं नाही.

"अकरा! अरे भिया, बोला ना. एक वार. दोन वार." नीरजने दोन्ही साडूंकडे आळीपाळीने पाहिलं. एक साडू आकाशाकडे बघत होता, दुसरा चपलेकडे. "तीन वार. लिंबू पाळकसाहेबांचं."

काही जण मानापोटी गप्प होते आणि काही रागापोटी. समोरून दोन्ही सारखंच दिसत होतं. मागून मात्र कुणीतरी पुटपुटलं, "कोटी घेऊन बसलेत आणि अकरा रुपयांत लिंबू मारलं."

आशिषनी ठरवलं, आता हात वर करायचा नाही. पुढे पपई आली. नीरजने पुकारा केला. सगळ्यांनी माना वळवून पाळकांकडे पाहिलं. पाळक बोलले नाहीत, म्हणून कुणीच बोललं नाही. एक वार झाला, दोन वार झाले. देवापुढे आणलेली वस्तू बोलीशिवाय परत गेल्याचं या अंगणात कधी घडलं नव्हतं, आणि पपई ज्यांची होती त्या उषाबाई पदर चोळत पुढेच बसल्या होत्या.

"पन्नास," आशिष म्हणाले. मग लिंबाचं आठवून, "शंभर."

"शंभर! शंभरच्या वर कोण?"

"दोनशे," आशिष म्हणाले.

नीरज खाली वाकला. "पाळकजी, तुम्ही तुमच्यावरच बोली लावताय."

"माहीत आहे. लोक का लावत नाहीत?"

"मजा तो जीतने की है ना. तुमच्याकडे चार कोटी. तुमच्यावर कोण लावेल?"

"चार नाहीत रे. एक आहे."

"वही तो," नीरज म्हणाला.

पुढचा तासभर आशिष कसबे एकटेच लिलाव खेळले. शेवेवर त्यांनी स्वतःला तीनदा हरवलं. भोपळ्यावर अडीचशेला थांबायचा विचार होता, पण भोपळा आणणाऱ्याचा चेहरा पडला म्हणून त्यांनी स्वतःवर आणखी पन्नास चढवले. कमी बोलावं तर कंजूष, जास्त बोलावं तर पैशाचा माज. मधली रक्कम कोणती, ते ते प्रत्येक वस्तूगणिक शोधत राहिले. कोंबडीपर्यंत महिन्याचा पगार संपला. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. अमिताबाईंनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं. ते पुस्तक उलटं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. आशिषनी कोंबडी पुढच्या महिन्याच्या पगारावर घेतली. वांगी, अंडी आणि उसाची मोळीही त्याच पगारावर.

शेवटी यशोधनरावांनी रक्कम वाचून दाखवली. आजवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा ती जास्त होती. कुणी टाळी वाजवली नाही. पाळकांनी सगळा सण एकट्याने विकत घेतला होता.

बंगल्यावर सामान पोचवायला या वेळी कोणी पुढे आलं नाही. नवरा-बायकोने तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेला आशिषच्या काखेत कोंबडी होती आणि अमिताबाईंच्या कडेवर भोपळा. पायरीपाशी उषाबाई आल्या.

"पाळकसाहेब, ते लिंबू देता का? सणाचं लिंबू मी दर वर्षी लोणच्यात घालते."

आशिषना भरून आलं. महिनाभरात मंडळीतल्या कुणी पहिल्यांदाच त्यांच्याकडे काही मागितलं होतं. "न्या की, उषाबाई. न्या."

"फुकट नको. पूर्वीची गोष्ट वेगळी होती. भाव सांगा."

आशिषना भाव सांगता येईना. ते कोंबडीकडे बघत राहिले.

"वीस," अमिताबाई म्हणाल्या.

"अग बाई! अकराला तर पडलंय त्यांना."

"इथवर आणलं कोणी? माझे हात दुखले."

"पंधरा."

"द्या."

उषाबाईंनी पंधरा रुपये मोजून दिले आणि लिंबू नाकाला लावून बघितलं. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाईने पपईचं विचारलं. तिच्यामागे एकाने शेव मागितली. तेवढ्यात दोघं साडू एकदमच कोंबडीपाशी पोचले. एकजण तीनशे म्हणाला, तर दुसरा साडेतीनशे. "अरे चारशे! बघतो कोण नेतो ते!" लोक हसायला लागले, एकमेकांना ढोसायला लागले. "चढव रे चढव!" "भिया, कोंबडी घेतोय की बदला?" नीरज सवयीने पायरीवर चढून पुकारायला लागला. अमिताबाई भोपळा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तीनशेच्या खाली यायला तयार नव्हत्या.

आशिष मध्ये उभे होते. मंडळी पुन्हा त्यांच्या दारात जमली होती आणि खूश होती. मन शांत होणं म्हणजे हेच असेल, असंही त्यांना क्षणभर वाटलं.

गर्दी सरकवत यशोधनराव आले. हातात कागद होता. बिशपांना जाणारी पत्रं नेहमी आशिषच तपासून देत, कारण यशोधनरावांचं मराठी बँकेच्या हिंदी-इंग्रजीत हरवलं होतं. एकोणीस वर्षांत ही रीत कुणी मोडली नव्हती, म्हणून हेही पत्र ते घेऊन आले होते.

"साहेब, बदलीच्या कारणात आणखी एक ओळ घालावी लागतेय," ते अदबीने म्हणाले. "'चर्चच्या आवारात भाजीविक्री' लिहू की 'व्यापार'?"

आशिषनी कोंबडी दुसऱ्या हातात घेतली आणि कागद वाचला. वरच्या परिच्छेदात दोन चुका होत्या, त्या त्यांनी दाखवल्या.

"विक्री लिहा," ते म्हणाले. "बिशपांना लगेच कळेल."