कुंभळवाडीच्या देवळाची जमीन

मी एक जुने चोपणे आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझे नावही ऐकले नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तुमच्या घरात फरशी आहे. मातीची जमीन मात्र चोपून चोपून घट्ट करावी लागते, आणि त्यासाठी लागतो माझ्यासारखा जाड, चपटा, मूठ असलेला लाकडाचा तुकडा. क्रिकेटच्या बॅटीचे बुटके भावंड समजा. बॅटीचे फोटो पेपरात येतात. माझा एकही फोटो नाही, आणि मला त्याची हौसही नाही. मला ठोकण्यापलीकडे काही येत नाही, पण ते मात्र मी चांगले करते.

माझा जन्म ऐनाच्या लाकडातून झाला. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत कुंभळवाडी नावाची वाडी आहे. तुमच्या पणजोबांच्या काळात तिथे रामजी मास्तर नावाचे गृहस्थ आले. महाडच्या मिशनने त्यांना पाठवले होते. ते दिवसा मुलांना शिकवत आणि रविवारी उपासना चालवत. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. कुंभळवाडीचे पहिले देऊळ म्हणजे कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर. त्याची जमीन करण्यासाठी मास्तरांनी तुडीलच्या सुताराकडून मला घडवून घेतले आणि खांद्यावर टाकून डोंगर चढून आणले.

पहिल्या वर्षी तीन घरांनी बाप्तिस्मा घेतला. एक कुणब्याचे आणि दोन गावकुसाबाहेरची. देवासमोर सगळे सारखे, असे मास्तर सांगत आणि सगळे माना डोलवत. पण रविवारी कुणब्याचे घर स्वतःची घोंगडी घेऊन यायचे, ती दाराशी वेगळी अंथरायचे आणि तिच्यावर बसायचे. मधली मोकळी जागा सगळ्यांना दिसत होती. तिच्याबद्दल बोलत मात्र कोणी नव्हते.

मास्तरही बोलले नाहीत. ते फार हुशार होते, आणि थोडे खोडकरही. पावसाळा सरल्यावर त्यांनी सांगितले की देवळाची जमीन उखडली आहे, तर प्रत्येक घराने आपापल्या अंगणातली टोपलीभर माती आणावी. लोकांनी आणली. मास्तरांनी सगळ्या टोपल्या एकाच ढिगावर ओतल्या, पाणी घातले, आणि तिन्ही घरांच्या बायकांना तुडवायला लावले. मग माझी पाळी. मी तीन घरांच्या हातांत फिरले. पुढच्या रविवारी मास्तर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आता सांगा बघू, कोण कोणाच्या मातीवर बसलाय?"

घोंगडी त्याच दिवशी गेली असे मी तुम्हांला सांगणार नाही. ती आणखी दोन पावसाळे येत राहिली. मग एका रविवारी ती घरी विसरली. खरोखर विसरली की मुद्दाम, हे मला आजही माहीत नाही. पण परत आणायला कोणी उठले नाही. तेव्हापासून दर वर्षी नाताळाच्या आधी प्रत्येक घराची टोपलीभर माती आणायची आणि जमीन नवी करायची, ही आमच्या देवळाची रीत पडली.

माझे ते दिवस फार चांगले होते. घरे वाढली. गवताचे छप्पर जाऊन कौले आली. माझ्या जमिनीवर मुले बोटाने अक्षरे गिरवायला शिकली. हंगामाच्या सणाला भाताच्या पेंढ्या, काकड्या, भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या वेदीसमोर येत. मग अंगणात त्यांचा लिलाव व्हायचा आणि एका भोपळ्यासाठी दोन व्याही हटून बसायचे. नाताळात बायका फेर धरायच्या. त्यांच्या टाचांनी पडलेले पोचे मी दुसऱ्या दिवशी बुजवायचे, आणि मला त्या कामाचा कधी कंटाळा आला नाही.

पुढे आमच्यातले एक घर बौद्ध झाले. ते जनीचे घर. माझ्या मुठीला जनीच्या हाताची सवय होती. काशीबाई तेव्हा नवी नवरी होऊन वाडीत आली होती, आणि तिला जमीन चोपायला जनीनेच शिकवले होते. जनीच्या घराला आपली वाट सापडली आणि ते तिकडे गेले. त्यात वाईट काहीच नव्हते. वाईट वागलो ते आम्ही, देवळाची माणसे. त्या घरच्या लग्नाला कोणी गेले नाही. मग त्यांनीही आमच्याकडे येणे सोडले. वाटेत भेटले तर बोलत, पण एकमेकांच्या अंगणात पाय टाकत नसत. त्या घराची टोपली बंद झाली. मला फार वाईट वाटले, आणि ते मी आज स्पष्ट सांगते.

नंतर घरांना कुलपे लागत गेली. कोणी विक्रोळीला, कोणी पनवेलला. नाताळाला येणारी माणसे दर वर्षी थोडी कमी. शेवटी देवळाची राहिली तीन घरे, म्हणजे पहिल्या वर्षी होती तेवढीच. काशीबाई म्हातारी झाली. मी तिच्या माळ्यावर पडून राहू लागले. वर्षातून एकदा ती मला खाली काढायची आणि एकटीच जमेल तेवढी जमीन चोपायची.

गेल्या पावसाळ्यात देवळामागची दरड सरकली. कोणाला इजा झाली नाही, पण मागची भिंत पडली आणि आत गुडघाभर चिखल आला. पाऊस थांबल्यावर महाडहून चर्चच्या कमिटीच्या सेक्रेटरी चारुशीलाबाई पाहणीला आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. मूळच्या दासगावच्या. मनाने चांगल्या, पण त्यांच्यावर सगळ्या भागातल्या मंडळ्यांची, म्हणजे एकेका देवळाच्या माणसांची, जबाबदारी. त्यांनी चिखल पाहिला, तीन घरे पाहिली आणि सांगितले की आता कुंभळवाडीची मंडळी महाडला जोडावी असे कमिटीचे म्हणणे आहे. तिथे बाके आहेत, पंखे आहेत, एसटीही जाते. तरीही नाताळची उपासना या देवळात झाली तर त्या कमिटीत शब्द टाकतील. नाही झाली, तर देऊळ कायमचे बंद.

काशीबाई ऐकत होती. देवळाच्या कडेला तिच्या नवऱ्याची कबर आहे. तिकडे बोट करून ती म्हणाली, "मी येईन महाडला. पण हा इथं पुरलाय, याला कसा न्याल?"

चारुशीलाबाईंनी काशीबाईचा हात थोडा वेळ धरला आणि त्या गाडीत बसल्या.

काशीबाईने पदर खोचला. तिचा मुलगा चंदन आणि उरलेल्या दोन घरची माणसे कामाला लागली. चिखल उपसला, दगड रचून मागची भिंत उभी केली. राहिली जमीन. काशीबाईची सून पूनम विक्रोळीत वाढलेली. तिने सुचवले की सिमेंट टाकू, एका दिवसात फिनिश. मुंबईची माणसे पैसेही पाठवतील.

"नाय," काशीबाई म्हणाली. "परत्येक घराची माती पायजे."

"आई, कोणतं घर? सगळीकडे लॉक आहे."

"कुलूप दाराला हाय गो. अंगणाला नाय."

पूनम हसली, पण तिने फोन काढला. एकेका घरी फोन करून तिने विचारले की तुमच्या अंगणातली टोपलीभर माती घेऊ का. विक्रोळीचे एक आजोबा म्हणाले, एक कशाला, दोन टोपल्या घ्या. पनवेलची बाई म्हणाली, गोठ्याशेजारची नको, आमच्या फणसाखालची घ्या, ती तांबडी आहे. फणस खरे तर शेजाऱ्यांचा, हे साऱ्या वाडीला माहीत होते, पण पूनमने मान्य केले. टोपल्या भरत गेल्या.

शेवटी एकच अंगण राहिले. तिथे कुलूप नव्हते. तिथे जनीचा नातू धम्मपाल राहत होता. काशीबाईने मला रिकाम्या टोपलीत टाकले आणि ती निघाली. अंगणाच्या कडेला येऊन ती थांबली. इतक्या वर्षांत तिने त्या अंगणात पाऊल टाकले नव्हते. मग टोपली सावरून तिने धम्मपालला हाक मारली.

धम्मपाल बाहेर आला.

"धम्मपाल, टोपलीभर माती देशील काय रे? देवळाच्या जमिनीला."

"आजी, आमचा तुमच्या देवळाशी काय संबंध आता?"

"देवळाशी नसंल. जमिनीशी हाय." तिने मला उचलून त्याच्यापुढे धरले. "ह्याची मूठ बघ. तुझ्या आजीच्या हातानं झिजलीय. तिच्या घरच्या लग्नाला आम्ही आलो नाय, ते चुकलं आमचं. ते सांगाया आधीच याया पायजे होतं."

धम्मपालने मला हातात घेतले. माझ्या मुठीवरून त्याने अंगठा फिरवला आणि मला परत टोपलीत ठेवून तो घरात गेला. मला वाटले, संपले. पण तो कुदळ घेऊन बाहेर आला. त्याने स्वतः माती खणली, टोपली भरली आणि डोक्यावर घेतली.

"एक सांगतो, आजी. मी प्रार्थनेला बसणार नाय."

"तुला बस कोण म्हणतंय? चोपाया ये."

तो आला. त्याची बायकोही आली. वाडीतल्या, देवळात न येणाऱ्या इतर बायकाही आल्या, कारण जमीन करायची म्हटल्यावर आमच्याकडे घरात बसवत नाही. सगळ्या टोपल्या एका ढिगावर ओतल्या. तांबडी, काळी, पिवळट अशी ती माती पाणी पडताच एका रंगाची झाली. ती तुडवली, पसरली, थोडी सुकू दिली, आणि मग कित्येक वर्षांनी मी पुन्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम केले. पूनम पहिल्यांदाच चोपत होती. ती मला तिरके धरायची, त्यामुळे माझ्या कडेने खळगे पडायचे. काशीबाई तिला सारखी टोकत होती. पूनमच्या तळव्यांना फोड आले. तिने त्यांवर ओढणी गुंडाळली आणि ती चोपत राहिली. मला ती पोर तेव्हाच आवडली.

आणि मग नाताळच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला. हवा दमट झाली. जमीन सुकेना. काशीबाईने घमेल्यांतून निखारे आणून कोपऱ्यात ठेवले. धम्मपालने घरचा टेबलपंखा आणून लावला. तरी नाताळच्या सकाळी जमीन ओलीच होती. वरून छान दिसत होती, पण बोट टेकले की ठसा उठत होता.

मुंबईची माणसे रात्रीच्या गाड्यांनी आली होती. महाडहून जीपही आली. तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, उतरले, चारुशीलाबाई उतरल्या. सगळे दाराशी जमले. आणि काशीबाई उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

मित्रांनो, तिच्या मनात काय चालले होते ते मला माहीत होते, कारण मी तिच्या हातात होते. माणसांना आत बसू द्यावे, तर उपासना झाली आणि देऊळ वाचले. पण इतक्या माणसांखाली ती ओली जमीन फाटली असती. इतक्या घरांची माती उखडून गेली असती. आणि आत बसू देऊ नये, तर कमिटीची अट मोडली. तिने एकदा मागे वळून जमिनीकडे बघितले. माझी मूठ तिने घट्ट धरली.

"आज कोणी आत जायाचं नाय," ती म्हणाली. "जमीन वली हाय."

चंदन पुढे होऊन तिला हळूच समजावू लागला. अट काय आहे ते तिला आठवते का, असे तो विचारत होता. तिला चांगले आठवत होते. ती हलली नाही.

मग अंगणातच सतरंज्या अंथरल्या. सगळे उघड्या दाराकडे तोंड करून बसले. पाळकसाहेबांनी उपासना चालवली. बायकांनी गाणी म्हटली. धम्मपाल अंगणाच्या कडेच्या दगडी गडग्याला टेकून उभा होता. बसला नाही, पण गेलाही नाही. चारुशीलाबाई मात्र सगळा वेळ त्या रिकाम्या, ओल्या जमिनीकडे बघत होत्या.

उपासना संपली. कोणी उठेना. सगळ्यांना त्या काय म्हणतात ते ऐकायचे होते. त्या चपला काढून उंबऱ्यापाशी गेल्या, वाकल्या आणि त्यांनी जमिनीला तळहात लावला.

"दासगावला आमच्याकडे अशीच जमीन होती," त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या. "सोडून जायचं असतं त्या घराची जमीन कोणी नवी करत नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "मग कमिटीला काय सांगायचं?"

"सांगायचं की जमीन वाळेपर्यंत दार उघडं ठेवावं लागतं. आणि दर वर्षी ही माणसं नवी जमीन करणार आहेत."

काशीबाई उंबऱ्यावर बसली. रडली, हसली, आणि डोळे पुसायच्या आधीच तिने मला पूनमच्या हातात दिले. "पुढल्या वर्षी फोड येणार नाय गो तुला," ती म्हणाली.

जमीन वाळली. पुढच्या रविवारी त्या देवळात उपासना झाली, तीन घरांची. तीनच घरे, हे खरे आहे. मी काही तुम्हांला खोटी आशा दाखवत नाही. मुंबईची माणसे परत गेली, कुलपे परत लागली, डोंगर परत कधी सरकेल ते सांगता येत नाही. पण मी आता माळ्यावर नसते. पूनमने मला दाराशी खुंटीला टांगले आहे, हाताला लगेच येईन असे.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणत नाही. जपून ठेवलेले चोपणे म्हणजे नुसते लाकूड. मला वापरा. जी जागा आपण सगळ्यांनी मिळून केली, ती एकदा करून भागत नाही. पावसाळा दर वर्षी येतो आणि दर वर्षी जमीन उखडतो. तेव्हा या नाताळाच्या आधी कुंभळवाडीला या. तुमचा देव कोणता, तुम्ही कोणाचे, हे तुम्हांला इथे कोणी विचारणार नाही. फक्त येताना आपल्या अंगणातली टोपलीभर माती आणा. अंगण नसेल तर गॅलरीतल्या कुंडीतली मूठभरही चालेल. ओतायची कुठे, ते पूनम दाखवेल. पुढचे माझ्याकडे लागले.