उजेडाची पट्टी

शंभर

बाबांनी पट्टीवर बोट ठेवलं आणि पडद्याचा उजेड पार शेवटच्या टोकाला नेला. दुकानाच्या काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे होते. दोन्हींवर एकाच झाडाचं चित्र.

"हा घेऊ," ते म्हणाले.

"बाबा, अहो, याचं रिझोल्यूशन कमी आहे," लेक म्हणाली. "त्या दुसऱ्यावर बघा. चेहरा उघडलात तर केस न् केस मोजता येईल."

"आपल्या गिऱ्हाइकांना मोजण्याइतके कुठे उरलेत?"

विक्रेती मुलगी हसली. "काका, त्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसतात खरी, पण मोठी करता येतात. कुठलाही घ्या. फक्त फोटोचं काम असेल तर उजेड एवढा ठेवू नका. पडद्यावर सगळं लख्ख दिसतं, मग माणूस फोटो गडद करत बसतो. कागदावर येतो काळाठिक्कर."

लेकीनं बाबांकडे पाहिलं नाही. बाबांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. दोघंही काउंटरवरचं, पडदा पुसायचं इवलंसं फडकं बघत राहिले.

साध्या पडद्याचाच घेतला.

तेही शंभरच

तीन महिने त्यांच्या स्टुडिओतून फोटो गडद बाहेर पडत होते. लेकीनं छपाईचं मशीन उघडून धुतलं. शाई बदलली. कागदवाल्याशी भांडली. एक नर्स आपला फोटो परत घेऊन आली होती. "काढताना लाईट गेली होती का हो?"

आणि जुन्या लॅपटॉपचा उजेड कायम टोकाला. बाबा म्हणायचे, पडदा म्हातारा झालाय. तिनं ते मानलं होतं.

स्टुडिओत चेहरे दुरुस्त करायची खुर्ची एकच. पूर्वी तिच्यावर बसून बाबा ब्रशनं डोळ्यांत चमक भरायचे, आता माउसनं भरतात. एकूण चाळीस वर्षं. ती खुर्ची गेली तर ते घरी बसून समोरच्या भिंतीचे डाग काढत बसतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अधिक दोन

दुसऱ्या दिवशी बाबा नव्या लॅपटॉपपुढे बसलेले असताना ती आतल्या खोलीत गेली. मशीनवर छपाई दोन घरं उजळ केली. बाबांनी कितीही गडद केलं तरी कागदावर नीट उतरेल. खुर्ची शाबूत.

अकराला मुख्याध्यापिकाबाई आल्या. शाळेच्या हॉलमध्ये लावायचा त्यांचा मोठा फोटो मशीनमधून सावकाश सरकत बाहेर आला. कॉलर मागच्या भिंतीत विरघळलेली. भुवया नावापुरत्या.

लेकीनं तो बाहेर काउंटरवर आणून ठेवला. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"अजून सहा दिवस नोकरी आहे माझी. आत्ताच पुसून टाकलंत?"

"मशीनचं काहीतरी—" लेक म्हणाली.

"माझंच चुकलं," बाबा त्याच वेळी म्हणाले.



तीस

ती लॅपटॉपजवळ गेली. पट्टी तिसावर होती. इतक्या मंद पडद्यावर बाईंचा चेहरा तिलाही धड दिसेना. आणि काचेवर, बाईंच्या हनुवटीच्या जरा वर, एक तेलकट गोल डाग. कालच घेतलेल्या काचेवर. तिनं पडदा तिरपा केला.

नाकाच्या शेंड्याएवढा.

फडकं शेजारीच घडी घालून ठेवलं होतं. तिनं ते उचललं आणि परत ठेवलं.

"मशीनला हात लावलास?" बाबांनी हळू विचारलं.

"थोडा."

"किती?"

"दोन घरं."

"तरीच." ते हसल्यासारखे झाले. "मी इकडे सगळं अंदाजानं उजळ केलं."

"बाबा, कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसत नाही असं नाही. उजेड लागतो." त्यांनी माउस पुसल्यासारखा केला. "पण फोटो माझ्यामुळे काळे येतात, हे मलाही कालच कळलं. तू उगाच त्या कागदवाल्याला शिव्या घातल्यास."

"तुमचं घरचं बोलणं झालं असेल," काउंटरपलीकडून बाई म्हणाल्या, "तर मला परत माणसात आणा."

बाबा उठले. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल त्यांनी ओढून खुर्चीच्या बाजूला घेतलं आणि त्यावर बसले. खुर्ची रिकामी. लेक उभीच.

"बाई, जरा आत या. इथे, खिडकीपाशी." बाबांनी त्यांना जवळ उभं करून चेहरा नीट न्याहाळला, कागदावरचा नव्हे, खरा. मग खुर्चीकडे न बघता म्हणाले, "बस. डाव्या गालावरची सावली काढू नकोस. तो गाल मुळातच रागीट आहे."

"ऐकू येतंय मला," बाई म्हणाल्या.

लेक बसली. खुर्ची तिला उंच होत होती. तिनं पट्टीवर बोट ठेवलं.

"उजेड किती ठेवू, बाबा?"

"तुला दिसेल तेवढा."