फक्त बघण्याचं लॉगिन

टॉवेलच्या कारखान्यात फायरवॉल आली तेव्हा व्यवस्थापक वेणीमाधव जोशींनी तिला हार घातला, नारळ फोडला. ऑफिसचे कॉम्प्युटर आणि रंगखात्यातली मशिनं यांच्यामध्ये बसून ती नको त्याला अडवणार होती. ती अडवते कशी हे दिसावं, म्हणून साहेबांनी झाडून साऱ्या अधिकाऱ्यांना ‘फक्त बघण्याचं’ लॉगिन वाटून टाकलं.

नेटवर्क सांभाळणाऱ्या वैदेहीच्या लवकरच लक्षात आलं, की या लॉगिनला सेटिंगची बटणं दिसत नाहीत एवढंच. सेटिंगच्या पानाचा पत्ता थेट टाकला की पान उघडतं आणि हवं ते बदलता येतं.

“सर, फायरवॉलच्या कंपनीनं यावर दुरुस्ती काढलीय. अर्धा तास मशिनं थांबवली तर मी टाकते.”

“अर्धा तास? एक्स्पोर्टची ऑर्डर आहे, वैदेही! आणि आपली माणसं असलं काही करतील का? चांगल्या घरची आहेत सगळी.”

तिनं पुरावा म्हणून त्या पानाची लिंक पाठवली, ‘कृपया कोणाला देऊ नये’ असं लिहून. साहेबांनी ती ताबडतोब अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली: ‘असे खरेच होते का, तपासावे.’

विक्रीप्रमुख शिवराज पाटील फार आज्ञाधारक. त्यांनी एक बटण दाबून पाहिलं. काही झालं नाही, म्हणून शेजारचं दाबलं.

रंगखात्याच्या विजयमालाबाई धापा टाकत आल्या. “म्याडम, मशिनं आडकल्यात की वो! कापड रंगात तसंच पडलंय, लई डाग पडणार!”

फायरवॉलनं कर्तव्य चोख बजावलं होतं. तिनं सगळ्यांनाच अडवलं होतं. निळ्या टॉवेलांवर देशोदेशीचे नकाशे उमटले.

साहेबांनी तातडीची मीटिंग बोलावली. पहिला प्रश्न अर्थातच मुद्द्याचा होता. “लिंक मुळात पाठवली कोणी?”

सगळ्यांनी वैदेहीकडे पाहिलं. पाटलांनी तर दुःखानं मान हलवली. वैदेही उठून उभी राहिली.

“मी, सर. मशिनं बंदच आहेत, तर आता दुरुस्ती टाकू?”

साहेबांनी खोल विचार केला. “टाका. पण लवकर.”

मीटिंगचा चहा येईपर्यंत काम झालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील तक्रार घेऊन हजर.

“तुमच्या दुरुस्तीनं बिघाडच केला की. ते पान आता उघडतच नाही.”

“हो का?” वैदेही म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.