अगाथाच्या हातातलं ताट

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नीलाताईंनी पोहे केले, लेकीच्या गावच्या, अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या थंडीला नावं ठेवली आणि शेजारच्या तेरेसाबाईंबरोबर चर्चला निघाल्या. पाच फेब्रुवारी, संत अगाथाचा दिवस. छातीत गाठ असलेल्या बायका तिला साकडं घालतात, असं तेरेसाबाईंनी सुनेत्राला सांगितलं होतं. सुनेत्रानं ते आईच्या कानावर घातलं नाही. रजा टाकून तीही बरोबर गेली.

मूर्ती लहानशीच. हातात ताट, ताटात दोन पांढरे गोलसर उंचवटे.

"मोदक गं," नीलाताई हरखल्या. "यांच्यातही नैवेद्य असतो तर."

तेरेसाबाई गोष्ट सांगू लागल्या आणि सुनेत्राला ती मराठीत सांगणं भाग पडलं. सिसिलीतली मुलगी. लग्न करायचं नाही, देवाची होऊन राहायचं, असं ठरवलेली. सुभेदारानं मागणी घातली, तिनं नाकारली. म्हणून त्यानं तिचे... "हात तोडले," सुनेत्रा म्हणाली. तुरुंगात एक संत येऊन जखमा बऱ्या करून गेला, तरी शेवटी ती तिथंच मेली.

नीलाताईंनी मूर्ती नीट न्याहाळली. "हात तर आहेत की. आणि या बाई सारख्या छातीला हात लावत होत्या." मग पदर सावरून त्या वाकल्या. "सोसलं हो पोरीनं."

सुनेत्रा मेणबत्ती लावायला वळली. गणपतीत आईनं बाथरूममधून हाक मारून छातीतली गाठ दाखवली होती, हरभऱ्याएवढी. व्हिजिटरच्या इन्शुरन्समध्ये हे बसायचं नाही, नागपूरला गेल्यावर बघू, असं सुनेत्रा म्हणाली होती. संक्रांतीला डॉक्टरांनी विचारलं, गाठ कधीपासून? लेकीकडे बघत नीलाताई "आठ दिवस" म्हणाल्या, आणि सुनेत्रानं तेच इंग्रजीत सांगितलं.

गाठ वाढल्यानं ऑपरेशन मोठं करावं लागलं, पण नीट झालं. तिसऱ्या दिवशी रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली आणि नीलाताई गेल्या.

धाकटा भाऊ शंतनू नागपूरहून आला. फोनवर काकू-मावश्या एकच म्हणत, नीलाची खोडच, दुखणं अंगावर काढायची. सुनेत्रा हूं हूं करी.

तेरेसाबाईंनी चर्चमध्ये आईसाठी प्रार्थना ठेवली होती. ती संपल्यावर शंतनूनं मूर्तीची गोष्ट विचारली. सुनेत्रानं या वेळी काही गाळलं नाही; ताटात त्या मुलीचे कापलेले स्तन आहेत, हेही सांगितलं.

त्यानं ताटाकडे बोट केलं.

"हिला दुसऱ्यांनी मारलं. आईनं लपवून लपवून स्वतःच ओढवून घेतलं. एक शब्द बोलली असती, ताई. मी तिला माफ नाही करू शकत."

"लपवलं नव्हतं तिनं." सुनेत्रा म्हणाली, "शंतनू, तिनं मला गणपतीतच दाखवलं होतं. मीच तिला थांब म्हटलं."