तिसरा गिअर

बाळ सहा फुटांचा झाला होता, त्याची दाढी एक दिवसाआड करावी लागे, तरी घरात त्याला बाळच म्हणत. बोलणं त्याला कधी आलं नाही. सकाळचा वेळ बरा जायचा. आई शिवणयंत्रावर लोकांचे पडदे शिवत बसे आणि तो तिच्या पायाशी कापडाचे तुकडे रंगवार लावत बसे. दुपार कलली की मात्र त्याच्या अंगात काहीतरी शिरायचं. आधी येरझारा, मग भिंतीवर तळहात आपटणं, मग डोकं. ज्याने जे सांगितलं ते सगळं करून झालं होतं. त्यातलं एकच लागू पडलं, ते म्हणजे गाडी.

गाडी त्याच्या वडिलांनी घेतलेली. रंग उडालेला, मागचं एक दार फक्त बाहेरून उघडणारं. पण ऑटोमॅटिक. वडील होते तोवर तेच चालवत आणि आई बाळाजवळ बसे. ते गेले तेव्हा पन्नाशीला टेकलेली ही बाई हट्टाने गाडी शिकली. शिकवणारा म्हणाला होता, "आधी साध्या गाडीवर हात बसवा." तिने साफ नाही म्हटलं. साध्या गाडीत एक हात गिअरला लागतो. तिचा तो हात बाळाच्या हातात असायचा. तो शेजारच्या सीटवर बसे, तिची बोटं मुठीत घट्ट धरी, आणि गाडी गावाबाहेरच्या वळणरस्त्याला लागली की त्याचा श्वास हळूहळू लांब होत जाई. घरी येईतो पोरगं शांत. रात्री जेवायचा, झोपायचा. तिलाही झोप मिळायची. संसार असा त्या फेरीवर तोलून धरलेला होता.

गाडी पहिल्याचा दुसरा गिअर, दुसऱ्याचा तिसरा कधी घेते हे कळतही नसे. झोपलेल्या पोराने कूस बदलावी तशी घ्यायची. म्हणून ज्या दिवशी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकळंच घोंघावलं, गाडी क्षणभर ओढेनाशी झाली आणि मग खालून धाडकन धक्का बसला, त्या दिवशी तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बाळाने तिची बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली.

"काही नाही रे राजा, खड्डा होता," ती म्हणाली. खड्डा नव्हता हे तिला ठाऊक होतं.

चार दिवसांत प्रत्येक फेरीला धक्का बसू लागला आणि प्रत्येक धक्क्याला बाळ ओरडू लागला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली. तेल लाल असायला हवं होतं, ते काळपट निघालं. त्याने पट्टी तिच्या नाकाशी धरली. करपल्याचा वास.

"तेल जळलंय ताई. सगळं काढून नवं भरू. गाडी नवी नवरी होईल बघा."

"नक्की?"

"आता ऑटोमॅटिकच्या पोटात आम्ही कधी शिरलो नाही, खोटं कशाला बोलू. पण तेल बदलल्याने कुणाचं वाईट झालंय?"

तेल बदललं आणि खरोखरच धक्का गेला. आठवडाभर ती फेरीवरून गुणगुणत परत आली. धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा त्यालाही तिने सांगितलं, गाडी सुधारली. भाऊ म्हणाला, "ताई, गाडी सुधारली हे ठीक आहे. तू किती दिवस पुरणार आहेस?" हा विषय तो दर फोनला काढी. शहराबाहेर एक संस्था होती, तिथे बाळासारख्या मोठ्या मुलांना ठेवून घेत. ती दर वेळी म्हणे, "ठेवून घ्यायला तो काय सामान आहे?" आणि फोन ठेवी.

आठवड्यानंतर तिसरा गिअर पुन्हा सुटू लागला, आणि आता आधीपेक्षा वाईट. आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. गॅरेजवाल्याने हात टेकले आणि तिला वस्तादांकडे पाठवलं.

वस्ताद म्हणजे जुन्या गोदामात एकटेच काम करणारे गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी गिअरबॉक्सशिवाय दुसरं काही उघडलं नव्हतं. त्यांनी गाडी आधी चालवून पाहिली. थंड असताना एकदा, तापल्यावर एकदा. थंड असताना तिसरा लागत होता, तापल्यावर सुटत होता. मग गाडी वर उचलून त्यांनी गिअरबॉक्सच्या खालची परात सोडवली. परातीत एक लोहचुंबक असतो, झिजलेला कीस धरून ठेवायला. त्यावर काळी दाट साय जमली होती. वस्तादांनी ती बोटांत चोळून पाहिली.

"मी तेल बदललं म्हणून झालं का हे?" तिने विचारलं. हा प्रश्न तिला झोपू देत नव्हता.

"आतल्या गिअर पकडणाऱ्या चकत्या झिजल्यात बाई. जुन्या तेलातल्या गाळावर त्या कशाबशा धरून होत्या. तेलाने गाडी मेली नाही. तेलाने नुसतं कळलं."

हे ऐकून तिला बरं वाटावं की वाईट, समजेना.

वस्तादांनी प्रयत्नांत कसूर केली नाही. आधी तेलाची वाट उघडझाप करणारी विजेची झडप बदलली. फरक नाही. मग तेलाचे बारीक मार्ग कोरलेला सगळा ठोकळा बाहेर काढून धुतला, फुंकला, बसवला. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. मग तेलाचा दाब मोजला. काटा जिथे जायला हवा त्याच्या निम्म्यावर रेंगाळला. दर खेपेला गाडी गोदामात अडकून पडे आणि त्या दुपारी घरात बाळ आणि भिंत. दर खेपेला ती देव पाण्यात ठेवून बसल्यासारखी फोनकडे बघत बसे. शेजारच्या वहिनी एकदा दार वाजवून गेल्या. तक्रार करायला आल्या होत्या, पण बाळाच्या कपाळाला बांधलेली उशी पाहून तशाच परत फिरल्या. ते तिला तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

दुसरी गाडी घेऊन पाहावी, म्हणून भावाने मध्येच आपली नवी ऑटोमॅटिक गाडी आणून दारात लावली. बाळ त्या गाडीजवळ गेला, आत वास घेतला आणि मागे सरला. दोघांनी मिळून त्याला आत बसवलं. फाटकापर्यंतही जाता आलं नाही. काचेवर रक्ताचा डाग पडला. भावाने तो पुसून काढला आणि गाडी घेऊन निघून गेला.

"चकत्या नव्या घाला ना," तिने वस्तादांना विनवलं.

"त्या आता बनत नाहीत. भंगारात याच जातीची एखादी गाडी मिळाली तर तिचा अख्खा गिअरबॉक्स उचलता येईल. मी सांगून ठेवलंय."

मिळालीही एक. वस्तादांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. खोललेल्या बॉक्समधून गंजाचं तपकिरी पाणी गोदामाच्या फरशीवर ओघळलं. गाडी कुठल्या तरी पुरात उभी राहिलेली होती. वस्ताद चिंधीने हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

"दुसरा मिळेतोवर काय करू?" तिने विचारलं.

"गिअरचा दांडा दोनवर ठेवून चालवा. तिसऱ्यात जाऊच देऊ नका. हळू. आणि लांब नको."

बुडत्याला काडीचा आधार. ती दुसऱ्या गिअरमध्येच फेरी मारू लागली. इंजिन रडवेलं होई, मागून हॉर्नांचा मारा, कुणी शेजारून जाताना काच खाली करून अक्कल काढी. ती समोर बघे. पण बाळाला चालत होतं. धक्का नव्हता. त्याचा श्वास पूर्वीइतका नाही, तरी थोडा लांब व्हायचा. ती मनाशी म्हणे, एवढ्यावरही निभेल. माणूस काय, अर्ध्या भाकरीवरही जगतो.

मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला. तिने पाय दाबला. इंजिन घोंघावलं आणि गाडी जागची हलली नाही. तिने दांडा मागे घेतला, पुढे घेतला, पुन्हा दोनवर आणला. काही नाही. मागे रांग लागली. हॉर्न सुरू झाले, आधी एक, मग सगळे मिळून.

"बाळा, माझ्याकडे बघ. माझ्याकडे."

त्याने पाहिलं नाही. त्याने डोकं समोर आपटलं, एकदा, दुसऱ्यांदा. तिने मोकळा हात मध्ये घातला. वाहतूक पोलिस काचेवर टकटक करत होता, "बाई, गाडी बाजूला घ्या, बाजूला!" आणि आतलं दृश्य पाहून तोही थबकला. बाळाच्या मुठीत तिचा दुसरा हात होता. तो सोडेना. तो हात धरून तो स्वतःला मागेपुढे झोकत राहिला, आणि मनगटात काहीतरी काटकीसारखं मोडलं. ओरडू नये म्हणून तिने ओठ चावला. आपण ओरडलो तर तो आणखी भिईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चार माणसांनी गाडी ढकलून कडेला नेली.

हाताला प्लास्टर चढलं. एका हाताने सहा फुटांच्या पोराला आंघोळ घालता येत नाही, दाढी करता येत नाही, भिंतीपासून ओढता येत नाही. भावाने काही समजावलं नाही. नुसतं विचारलं, "हात बरा होईपर्यंत?" ती म्हणाली, "हात बरा होईपर्यंत." दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. संस्थेच्या दारात बाळ तिची ओढणी धरून उभा राहिला. तिथल्या ताईंनी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

हात बरा झाला, पण वाकडा बसला. पकड पहिल्यासारखी राहिली नाही. संस्थेचे डॉक्टर म्हणाले, "आता कुठे तो सावरतोय, लगेच हलवू नका." दुपारी ती यंत्र बंद करून बसे. घरात इतकी शांतता असे की बाहेरच्या गाड्यांचे गिअर ऐकू येत.

आणि मग वस्तादांचा फोन आला. एक बॉक्स मिळाला होता, कोरडा. त्यांनी खोलून, तपासून, बसवूनसुद्धा टाकला होता. ती गाडी आणायला गेली. पहिला, दुसरा, तिसरा. कुठे बदलला कळलंही नाही.

त्याच गाडीने ती संस्थेत गेली. बाळ जाड झाला होता. कपाळावर जखम नव्हती. तिने त्याला शेजारी बसवलं, त्याने बसवून घेतलं. वळणरस्त्याला लागल्यावर तिने हात पुढे केला, त्याने धरला नाही, म्हणून तिनेच त्याचा हात आपल्या हातात घेतला. तो ओल्या कापडासारखा पडून राहिला. त्याचा श्वास आधीपासूनच लांब होता. गोळ्यांनी असतो तसा.

"बघ, धक्का बसत नाही आता," ती म्हणाली. "बघ ना रे."

त्याचे डोळे काचेवर होते. बाहेर काय चाललंय ते काचेच्या अलीकडे येत नव्हतं.

पूर्ण फेरी मारून तिने त्याला परत आणलं. पांढऱ्या कपड्यातला माणूस बाहेर आला, त्याने "चल" म्हटलं, आणि बाळ उतरून त्याच्यामागे गेला. वळून बघायला तो थांबला नाही. ती तशीच बसून राहिली. इंजिन चालू होतं, एकसुरी, निरोगी. थोड्या वेळाने रखवालदाराने बॉनेटवर थाप मारली.

"ताई, गाडी काढा. मागून व्हॅन यायचीय."

"हो," ती म्हणाली, आणि दांडा पुढे टाकला.