चानसूक देवदर्शनाला निघाली

लग्न होऊन आल्यापासून लात्समीने सासूला देवदर्शनासाठी टुकटुक रिक्षा ठरवताना कधी पाहिलं नव्हतं. वस्तीतल्या विहारात पहाटे भिक्षूंना भात वाढला, की चानसूकचा धर्म संपायचा. आणि आज उजाडतंय न उजाडतंय तोच तिने अवघडलेल्या सुनेला हलवून उठवलं.

"ऊठ पोरी. थात लुआंगच्या स्तूपाला जाऊ. मग बाकीचीही देवळं करू."

"आधी हे येऊ देत की. काल जाळं घेऊन गेलेत, अजून पत्ता नाही."

"नदी चढलीय. राहिला असेल खालच्या गावात," म्हातारी म्हणाली आणि पाठ फिरवून केस विंचरू लागली.

लात्समीला फोन सापडेना. शोधायला सासूने वेळच दिला नाही. बाहेर शेजारचा सोमवांग टुकटुक घेऊन तयारच होता. एरवी हा माणूस कुत्र्यामांजरांचीही थट्टा करायचा. आज तो तिच्या तोंडाकडेही बघेना.

"काका, रात्री जास्त झाली वाटतं?" तिने चिडवलं.

"हं," एवढंच म्हणून त्याने नदीकाठचा रस्ता सोडला आणि लांबचा वळसा घेतला.

थात लुआंगच्या सोन्याच्या शिखराला त्यांनी प्रदक्षिणा घातली. सी साकेतच्या विहारात ओवऱ्यांच्या भिंतीत कोनाडेच कोनाडे, प्रत्येकात इवलासा बुद्ध. चानसूक प्रत्येक कोनाड्यापुढे थांबून पुटपुटत होती. ऊन चढलं तरी घरी जायचं नाव नाही.

"आई, आज देवांना सळो की पळो करून सोडणार तुम्ही! आणि गुडघे धरलेत म्हणत होता ना?"

म्हातारी पुढच्या कोनाड्याकडे सरकली.

सी मुआंगच्या देवळात जायचा हट्ट मात्र लात्समीचा. चानसूक आधी नको म्हणाली. नगराच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात पूर्वी एका पोटुशीने जीव दिला होता, हे वस्तीत शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच देवळात बायका सुखाने सुटण्याचं मागणं मागतात. लात्समीने गुडघे टेकले, मनात विचारलं आणि उशीवरची दगडी मूर्ती उचलली. मूर्ती कापसासारखी वर आली.

"सुखरूप सुटेन म्हणतो देव! आता तुम्ही विचारा."

"मला काही विचारायचं राहिलेलं नाही," चानसूक म्हणाली.

 देवळातला भिक्षू लात्समीच्या मनगटाला रक्षेचा पांढरा दोरा बांधत होता. बांधून झाल्यावरही तो बराच वेळ मंत्र म्हणत राहिला.

"आता घरी," ती बाहेर येत म्हणाली.

"पातूसायवर चढायचंय मला."

"त्या कमानीवर? तिथं परगावचे पाहुणे चढतात, आई!"

म्हातारी चढली. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत, धापा टाकत. वर पोचल्यावर तिने ना राजवाडा पाहिला ना बागेतलं कारंजं. ती नदीच्या बाजूला गेली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. वस्तीतल्या विहारापलीकडे, झाडांवर धुराची एक काळी रेघ उभी होती.

"ते आपल्याकडं काय जळतंय?"

चानसूकने दोन्ही हात कपाळाशी जोडले होते. 

"आई. कोण गेलं?"

"पहाटे सापडला. खालच्या वळणावर, जाळ्यात गुरफटलेला. पाण्यात गेलेल्याला घरात घेत नाहीत, पोरी. जाळायला उशीरही करत नाहीत. आणि पोटुशीने प्रेत बघू नये."

लात्समीने पुन्हा धुराकडे पाहिलं. मग ती कठड्याला धरून खाली बसली.

"तुम्ही त्यांची आई. तुम्ही तिथं हवं होतं."

"तुला कोणाच्या हवाली करून जाणार होते?"

उतरताना म्हातारीचे गुडघे वळेनात, तेव्हा लात्समीनेच तिला काखेत धरलं. खाली सोमवांग टोपी हातात घेऊन उभा होता.

"काका, घरी घ्या."

सोमवांगने चानसूककडे पाहिलं.

"माझ्या बहिणीकडं घे," म्हातारी म्हणाली. "राख गार होईपर्यंत घराकडं वळायचं नाही."