कढई बंद, कुकर चालू

मी कुकर बोलतोय. शिट्टी नसलेला. ज्याची शिट्टीच गेली तो काय बोलणार, असं वाटत असेल तर तुमच्या ओट्यावरच्याकडे बघा. तो रोज किंचाळतो, पण वरण शिजलं यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. मी गप्प असतो, म्हणून माझ्याकडे सांगायला बरंच आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला कोण जाणे. कुकरला जन्माचं कौतुक नसतं, लग्नाचं असतं. कडूबाईच्या लग्नात तिच्या मामानं मला आहेरात दिलं. माझ्या पोटावर नाव टोचलेलं आहे. त्यात कडूबाईचं नाव बारीक आणि मामाचं मोठं. आहेर देणारे असेच असतात.

पेडगावच्या त्या घरात मी वर्षानुवर्षं वरण शिजवलं. माझ्या वरणावर दोन लेकरं वाढली. थोरली प्रियांका, धाकटा मुंजाजी. प्रियांका हुशार होती. मुंजाजी मुंजाजी होता.

एका पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायला एक घुंगरू कमी पडलं. मुंजाजीनं माझी शिट्टी सुतळीत ओवली आणि बैलाला बांधली. बैल मिरवून परत आला, शिट्टी आली नाही. मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत सगळं घर ती शोधत फिरलं. कडूबाईनं पोराला लाटण्यानं बडवलं आणि नवा कुकर आणला. नुसती शिट्टी आणली असती तरी भागलं असतं, पण बाईमाणसाला नवं भांडं घ्यायला कारण लागतं, ते तिला मिळालं. म्हणजे चूक पोराची, सत्कार बैलाचा आणि शिक्षा माझी. मी माळ्यावर गेलो. पोटात चिंच भरली.

तिथून मला प्रियांकानं खाली काढलं.

दिवाळीच्या आधी आमच्याकडच्या बाया पीठ, साखर, तुपाचे डबे घेऊन परभणीच्या बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. माल आपला, भट्टी त्याची. आपलं तूप त्याच्या बिस्किटात गेलं आणि त्याचा डालडा आपल्यात आला, असा प्रत्येकीला संशय असतो. एका वर्षी प्रियांका अशीच रांगेत ताटकळून आली आणि म्हणाली, "माय, मी घरीच करते. मोबाईलमधी दाखवायलेत, कुकरमधी होती."

तिनं माझी चिंच काढली. तळाला जाड मीठ पसरलं, त्यावर वाटी पालथी घातली, वाटीवर ताटली, ताटलीत पिठाचे गोळे. झाकण लावलं. फक्त झाकणाची रबरी रिंग काढायची राहिली. थोड्या वेळानं असा वास सुटला की शेजारच्या सरजाबाईनं भिंतीवरून डोकं काढलं.

"काय गं पिऊ, ट्रॅक्टरचं चाक जाळायलीस का?"

"नानकटाई करायले, मावशी."

"मग आमच्याकडं नको देऊस."

दुसऱ्या खेपेपासून मात्र जमलं. असं जमलं की दिवाळीत गल्लीभर तिचे डबे जायला लागले. सगळ्यांच्या घरची चकली सारखीच, सगळ्यांचा चिवडा सारखाच, फराळाची ताटं नुसती इकडून तिकडं फिरायची. प्रियांकाच्या डब्याची मात्र वाट बघायचे. प्रत्येक नानकटाईच्या मधोमध अंगठ्याचा खळगा असायचा. बाया म्हणायच्या, "पोरीच्या आंगठ्यात गोडी हाय."

तो अंगठा कुणाचा होता, हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. तिला, त्याला आणि मला. मुंजाजीनं आठवीतून शाळा सोडली होती. प्रियांका गोळे वळायची आणि परात त्याच्यापुढं सरकवायची. "ये आंगठेबहाद्दर, लाव आंगठा. तेवढंच शिकलास."

"माझी मजुरी?"

"जी करपंल ती तुझी."

मग तो मुद्दाम जाळ वाढवायचा.

माझ्यातलं मीठ तिनं कधी बदललं नाही. दर दिवाळीला तेच. भाजून भाजून ते करडं झालं होतं.

या श्रावणात प्रियांकाला ताप आला. आधी गावात गोळ्या, मग परभणी, मग मोठ्या मोठ्या बाटल्या. मग गाडी परत आली. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. मी स्वयंपाकघरात होतो आणि कुणी स्वयंपाक करत नव्हतं.

माणसं भेटायला आली. दुःखाच्या घरी माणूस चहाला नको म्हणतो आणि दुसरा कप घेतो. एक पाहुणा म्हणाला, "देवाला चांगलीच माणसं लागतात बघा." मुंजाजी कोपऱ्यात बसला होता. तो ताडकन उठला. "मग देवाला म्हणावं शेजारी बघ की! सरजामावशी काय वाईट हाय?" सरजाबाई तिथंच बसलेली होती. चौघांनी धरून त्याला ओसरीबाहेर नेलं.

तेराव्याला भांडी निघाली. कुण्या पाहुणीनं मला चकचकीत घासलं आणि मीठ उकिरड्यावर टाकलं. मुंजाजीला कळलं तेव्हा पावसाची भुरभुर सुरू झाली होती. तो उकिरड्यावर बसून मीठ वेचायला लागला. मीठ वेचता येत नाही. ते त्याला सांगायला कुणी गेलं नाही.

दिवाळी आली. ज्या घरातलं माणूस गेलं, तिथं त्या वर्षी कढई चढत नाही. फराळ शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून द्यायचा. पद्धत चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण डबे उघडल्यावर कळतं की गल्लीतली सगळी मोडकी चकली आणि मऊ पडलेली शेव सांत्वनाला निघते.

सरजाबाईचा डबा पहिला आला. तिचे लाडू अख्खे होते, हे कबूल करायला पाहिजे.

मुंजाजी आईला म्हणाला, "माय, अक्काचे डबे जायला पायजेत. मी करतो."

"येड लागलंय का? दुखाचं वरीस हाय. औंदा आपून घ्यायचं असतंय, द्यायचं नसतंय."

"कढई ठेवायची न्हाई म्हणलेत. कुकरचं कोण म्हणलंय?"

"मुंज्या, दुखाच्या घरचं गोड कुणी तोंडात घालत न्हाई. लोक डबा घेतेल आन मागच्या दारानं गाईला घालतेल. माझ्या पोरीच्या नावाचं गाईपुढं पडलेलं मला बघायचं न्हाई." असं म्हणून कडूबाई भिंतीकडं तोंड करून पडली.

मुंजाजीला गप्प बसता येत असतं तर माझी शिट्टी अजून जागेवर असती. त्यानं मला उचललं आणि मागच्या चुलीवर नेलं. नवं मीठ ओतलं. पीठ मळलं, म्हणजे पिठाशी कुस्ती केली. कुकरला रिंग लागतेच, एवढं त्याचं ज्ञान. म्हणून नव्या कुकरची रिंग काढून मला बसवली आणि खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबल्या.

रबर जळायला लागलं. तोच वास.

कडूबाई पडल्या जागेवरून उठली आणि धावत मागे आली. क्षणभर तिला वाटलं असेल, चुलीपुढं दुसरंच कुणी बसलंय. बसला होता मुंजाजी, डोळे चोळत.

"मेल्या, रिंग काढली न्हाईस?"

"काढायची असती व्हय?"

"तिनंबी पयल्यांदा हेच केलतं रे..." ती खाली बसली. तिला हसू आलं, मग त्याचंच रडू झालं. पदर तोंडात धरून ती बराच वेळ हलत राहिली. मुंजाजी सांडशी घेऊन नुसता उभा.

मग तिनं नाक पुसलं. "जाळ वढ मागं. आन तूप किती घातलंस, कंजूसा? आण इकडं."

दुसऱ्या खेपेला गोळे कडूबाईनं वळले. परात पुढं आली तसा मुंजाजीनं न सांगता अंगठा लावला. कडूबाईनं त्या खळग्याकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं. आता माहीत असणारे पुन्हा तिघं झाले.

त्या संध्याकाळी रिंगेवाचून नवा कुकरही मुका झाला आणि वरण पातेल्यात रटरटत राहिलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

पाडव्याला सरजाबाई आपला डबा न्यायला आली. मुंजाजीनं तो तिच्या हातात दिला. डबा जड लागला तसं तिनं झाकण उघडलं.

"हे काय रे? औंदा तुमच्याकडून न्हाई घ्यायचं काही."

"मावशी, रिकामा डबा परत देणं म्हणजी रिकामं घर, असं गल्लीला कोण शिकवतंय? तुमीच ना? मग आमचं घर रिकामं झालं म्हणायलात का?"

कडूबाई दाराआड उभी होती. तिनं चौकट घट्ट धरली होती. सरजाबाईच्या मागं, रस्त्यावर आणखी दोघी आपापल्या डब्यांसाठी येऊन थांबल्या होत्या. आता ही काय करते, याच्यावर सगळं होतं.

सरजाबाई पायरीवर बसली. एक नानकटाई उचलली आणि सगळ्यांदेखत तोंडात घातली.

"करपलीय," ती म्हणाली आणि दुसरी घेतली. "मला देवाकडं धाडायला निघाला हुतास न्हवं? हे खाऊन जातेच आता."

"पोचलात की अक्काला सांगा, रिंग काढायचं कुणी सांगितलं नव्हतं म्हणून."

रस्त्यावरच्या दोघींनी हात पुढं केले. त्यांनाही डबे मिळाले. एकीनं तिथंच झाकण उघडलं.

सरजाबाईनं तिसरी हातात धरून उन्हात फिरवली. "ह्यो आंगठा बग. हुबेहूब पिऊचा. तुला कसा जमला रे?"

मुंजाजीनं मूठ मिटली, अंगठा आत. "तिनंच शिकवला," तो म्हणाला.

मला शिट्टी असती तर त्या वेळी मी नक्की वाजलो असतो. बरं झालं बैलानं ती हरवली.

आता मी माळ्यावर नाही, चुलीशेजारी असतो. मुंजाजीनं मला नवी शिट्टी आणायचं काढलंय. आणू नका. आतली गोष्ट बाहेर जाईल. आणखी एक मागणं आहे, घरी पाहुणे येतील त्यांच्यासाठी. माझ्या तळाशी मीठ आहे, ते घाण नाही. अजून पांढरं आहे, करडं व्हायला काही दिवाळ्या लागतील. तोवर कृपा करून मला कुणी घासू नका.